शेवयांची परदेशी बहीण: नूडल्स खाव्यात की नाही?



मागे आम्ही एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, आणि चहा येईपर्यंत गप्पा सुरू झाल्या. एक ताई म्हणाल्या, "तुम्ही रेडिओवर सगळं सांगता, मग हे पण सांगा. माझा पोरगा शाळेतून आला की नूडल्सच मागतो. मी खुरपणीवरून दमून आलेली असते, दोन मिनिटांत करून देते. पण मनात खुटखुटतं. द्यावं का नाही?"

लगेच दुसरी म्हणाली, "अगं, मेण असतं त्यात! आतड्याला चिकटतं." तिसरीने तिला अडवले. "काय सांगते! चीन-जपानची माणसं रोज तेच खातात आणि आपल्यापेक्षा जास्त जगतात."

या सगळ्यात एक बाई गप्प बसल्या होत्या. त्यांनी गटाचे कर्ज घेऊन बाजाराच्या दिवशी चायनीजची गाडी लावायला सुरुवात केली आहे. सगळ्या बोलून झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "नूडल्स वाईट असं रेडिओवर सांगितलंत, तर मी हप्ता कुठून भरू?"

त्या दिवशी आम्ही उत्तर दिले नाही. अर्धवट माहितीवर कोणाच्या ताटाबद्दल किंवा पोटापाण्याबद्दल बोलू नये, असे आम्हाला वाटते. नंतर आम्ही वाचले, विचारले, दुकानातली पाकिटे पालथी घालून त्यांवरचे बारीक अक्षर पाहिले. त्यातून जे समजले ते आज सांगतो.

ओळख जुनीच आहे

नूडल्स म्हणजे पिठाच्या लांब दोऱ्या. मग आपल्या शेवया वेगळ्या काय आहेत? उन्हाळ्यात आपण गव्हाचे पीठ भिजवतो, तिंबतो, शेवया काढतो, काठीवर वाळत घालतो. मराठवाड्यात बोटवे, नखुले, मालत्या वळतात. कोकणात तांदळाच्या उकडीचे शिरवाळे सोऱ्यातून पाडतात आणि नारळाच्या गोड रसाबरोबर खातात. गव्हाच्या चिकाची कुरडई तर घरोघरी होते. पिठाची दोरी करून खाणे ही काही परक्याची युक्ती नाही.

चीनमध्ये लाजिया नावाच्या ठिकाणी जमिनीखाली एक उपडे पडलेले मातीचे भांडे सापडले. त्यात सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या नूडल्स होत्या. २००५ मध्ये ही बातमी जगभर छापून आली. तपासणाऱ्यांनी सांगितले की त्या राळ्यासारख्या भरडधान्याच्या होत्या. म्हणजे आपली आजी ज्या राळ्याचा भात करायची, त्याच जातीचे धान्य.

आज चीन, जपान, कोरिया, व्हिएतनाम या देशांत नूडल्सचे शेकडो प्रकार आहेत. गव्हाच्या आहेत, तांदळाच्या आहेत, मुगाच्या सत्त्वाच्या आहेत. जपानमध्ये 'सोबा' नावाच्या नूडल्स कुट्टूच्या पिठाच्या करतात. तेच कुट्टू उत्तरेकडे उपवासाला चालते. काही पिवळ्या नूडल्सच्या पिठात एक प्रकारचा क्षार घालतात, जसा आपण पापडात पापडखार घालतो. त्याने नूडल्सना चिवटपणा आणि पिवळेपणा येतो.

आता तिथल्या एका वाडग्यात काय असते ते बघा. व्हिएतनाममध्ये 'फो' नावाचा पदार्थ आहे. तांदळाच्या पातळ पट्ट्या, त्यावर हाडे-मसाले घालून बराच वेळ उकळलेले गरम पाणी, मांसाचे थोडे तुकडे, मोड आलेले मूग, आणि वरून कोथिंबीर, कांद्याची पात, तुळशीच्या जातीचा पाला, लिंबू. चीनमधल्या घरी नूडल्सबरोबर पालेभाजी, अंडे, सोयाबीनचे पनीर म्हणजे टोफू असते. नूडल्स तिथे आपल्या भाकरीच्या जागी असतात. भाकरीबरोबर आपण कालवण घेतो, तसे नूडल्सबरोबर तिथे भाजी, अंडे, मासा.

तेव्हा "चीन-जपानची माणसं रोज खातात" हे म्हणणाऱ्या मैत्रिणीचे बोलणे निम्मे खरे. ती माणसे खातात, पण आपल्या पोराच्या ताटलीत जे असते ते नव्हे.

पाकिटातल्या नूडल्स कशा तयार होतात

दोन मिनिटांच्या नूडल्सची सुरुवात जपानमध्ये झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे अन्नाची टंचाई होती. लोक थंडीत गरम नूडल्ससाठी रांगा लावत. मोमोफुकु आंदो नावाच्या गृहस्थांनी घरामागच्या एका खोपटात खटपट सुरू केली, की घरच्या घरी झटपट होतील आणि टिकतील अशा नूडल्स कशा करता येतील. घरी बायको तळणी तळत असताना पाहून त्यांना युक्ती सुचली, असे सांगतात. १९५८ मध्ये त्यांच्या पाकिटबंद नूडल्स बाजारात आल्या. आज जगात वर्षाला दहा हजार कोटींहून जास्त अशी पाकिटे आणि कप खपतात.

युक्ती अशी. मैद्याचे पीठ मळून लाटतात, दोऱ्या कापतात, वाफवतात, आणि मग गरम तेलात एक-दोन मिनिटे तळतात. हे तेल बहुतेक वेळा पामतेल असते. तळताना आतले पाणी उडून जाते आणि तिथे बारीक छिद्रे पडतात. आपण उकळत्या पाण्यात वडी टाकली की छिद्रांतून पाणी आत शिरते आणि ती चटकन मऊ होते. म्हणजे 'उकडलेला पदार्थ' म्हणून आपण जो मुलांना देतो, तो आधीच तळलेला असतो.

सगळ्याच नूडल्स तळलेल्या नसतात. काही नुसत्या वाळवलेल्या असतात. ओळखायचे कसे? पाकिटाच्या मागे चौकटीत 'फॅट' किंवा 'स्निग्ध पदार्थ' असा आकडा असतो. १०० ग्रॅममागे तो १५ च्या आसपास किंवा त्याहून जास्त असेल, तर नूडल्स तळलेल्या. एक-दोनच असेल, तर वाळवलेल्या.

मेण, मैदा आणि अजिनोमोटो

आता ऐकीव गोष्टी एकेक करून बघू.

मेण असते का? नाही. दोऱ्या एकमेकींना चिकटत नाहीत याचे कारण तळण आणि वाफवणे हे आहे. उकळल्यावर पाण्यावर जो तवंग येतो तो तेलाचा.

मैदा आतड्याला चिकटून बसतो का? तसेही नाही. मैदा पचतो, उलट फार लवकर पचतो. अडचण दुसरी आहे. गहू दळून मैदा करताना कोंडा आणि अंकुर काढून टाकतात. गव्हाच्या सबंध पिठात १०० ग्रॅममागे साधारण ११ ग्रॅम तंतू असतात, ज्वारीत १० ग्रॅम. मैद्यात ते पावणेतीन ग्रॅमच्या आसपास उरतात. तंतू कमी असले की पोट भरल्यासारखे फार वेळ राहत नाही, पोट साफ होत नाही, आणि रक्तातली साखर पटकन चढते. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

अजिनोमोटो विष आहे का? अजिनोमोटो हे एका जपानी कंपनीचे नाव. पदार्थाचे नाव मोनोसोडियम ग्लुटामेट. १९०८ मध्ये टोकियोतले प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी समुद्रातल्या एका शेवाळाच्या रश्श्यातून ही चव शोधून काढली. ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत असते, आईच्या दुधातही असते. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एक पत्र छापून आले आणि चायनीज खाल्ल्याने डोके दुखते, धडधडते अशी चर्चा सुरू झाली. पुढे बरेच अभ्यास झाले. जेवणात घालतात तेवढ्या प्रमाणात बहुतेकांना त्याने अपाय होत नाही, असे दिसले. काहींना जास्त प्रमाणात, रिकाम्या पोटी घेतल्यास त्रास होऊ शकतो. ज्यांना होतो त्यांनी टाळावे. आणि ते वरून घातलेल्या पदार्थाच्या पाकिटावर आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे लिहावे लागते, की बारा महिन्यांखालच्या बाळांना देऊ नये.

शिशाचे काय, असेही एकीने विचारले. २०१५ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या नूडल्समध्ये शिसे जास्त असल्याच्या अहवालावरून देशभर बंदी आली होती. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली आणि नव्याने तपासणी करायला लावली. त्या तपासणीत शिसे मर्यादेच्या आत निघाले आणि माल पुन्हा दुकानात आला. यातून आपण एवढे घ्यायचे, की पाकिटावर नाव, तारीख, परवाना क्रमांक असलेला मालच घ्यायचा, आणि सुटा, बिननावाचा माल स्वस्त मिळतो म्हणून घ्यायचा नाही.

खरी गोम मिठात आहे

ज्या गोष्टींची आपण एवढी चर्चा करतो त्या बाजूला राहू द्या. जिच्याबद्दल बैठकीत कोणीच बोलले नाही, ती म्हणजे मीठ.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि तोही दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून. लहान मुलांना याहून कमी.

आता पाकीट हातात घ्या. मागे 'सोडियम' शब्द शोधा. बऱ्याचदा आकडा १०० ग्रॅमचा दिलेला असतो, आणि पाकीट असते ७० ग्रॅमचे. समजा १०० ग्रॅममागे १२०० मिलिग्रॅम लिहिले आहे. मग ७० ग्रॅमच्या पाकिटात ८४० झाले. सोडियमला अडीचने गुणले की मीठ निघते. ८४० गुणिले अडीच म्हणजे २१००, म्हणजे २ ग्रॅमहून थोडे जास्त मीठ. दिवसाच्या वाट्यातले चाळीस टक्क्यांहून जास्त मीठ एका पाकिटात संपले. मोठा मुलगा दोन पाकिटे खातो, त्याचा हिशेब तुम्हीच करा. वर जेवणात आमटी, भाजी, लोणचे, पापड आहेच.

गाडीवरच्या चायनीजमध्ये मीठ सॉसमधून येते. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण अडीच ग्रॅम मीठ असते. त्यावर चिली सॉस, शेझवान चटणी, आणि वरून मीठ वेगळे.

जास्त मीठ बरीच वर्षे खात राहिले की रक्तदाब वाढतो. रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही. कळतो तेव्हा कधी लकवा मारलेला असतो, कधी मूत्रपिंड बिघडलेले असते. आपल्यातल्या किती जणींच्या घरात सासरे किंवा सासूबाई एका अंगाने लुळे होऊन पडले आहेत, आठवून बघा. त्यांचे सगळे करणे कोणाच्या अंगावर येते, हेही आठवा.

जपानच्या बायकांनी काय केले

इथे एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्यासारख्याच बायकांची आहे.

जपानमध्ये नागानो नावाचा डोंगराळ प्रांत आहे. हिवाळा कडक, बर्फ पडते. पूर्वी थंडीत खायला म्हणून लोक भाज्या मिठात मुरवून ठेवत. दिवसातून अनेकदा मिसो नावाच्या खारट सोयाबीनच्या गोळ्याचे सार पीत. जोडीला नूडल्सचे खारट पाणी. त्या प्रांतात मेंदूत रक्तस्राव होऊन माणसे जाण्याचे प्रमाण फार होते.

तिथे गावोगावी आरोग्याचे काम करणाऱ्या स्वयंसेविका होत्या. बहुतेक गृहिणी, शेतकरी बायका. १९८० च्या दशकात त्यांनी मिठाविरुद्ध मोहीम धरली. घरोघरी जाऊन त्यांनी साराचे मीठ मोजले. "सार सोडा" असे त्यांनी सांगितले नाही. तसे सांगितले असते तर कोणी ऐकलेही नसते. त्यांनी सांगितले, वाट्या कमी करा, आणि वाटीत भाज्या जास्त घाला म्हणजे पाणी कमी मावेल. लोणचे थोडे घ्या. नूडल्स खा, पण वाडग्यातले खारे पाणी सगळे पिऊ नका, उरू द्या.

फरक एका वर्षात पडला नाही. पण २०१० च्या मोजणीत पुरुष आणि बायका दोघांच्याही सरासरी आयुष्यात नागानो हा प्रांत जपानमध्ये पहिला आला. त्याला भाज्या, डोंगरातले कष्ट, म्हातारपणीही शेतात काम अशी इतर कारणेही आहेत. पण मिठाची मोहीम त्यातले एक मोठे कारण मानतात.

म्हणजे जपानची माणसे नूडल्स खाऊन जास्त जगतात असे नाही. नूडल्समधले मीठ कमी करायला शिकली, म्हणूनही जगतात.

कोरियातली गोष्ट उलटी आहे. तिथे पाकिटातल्या नूडल्स फार खातात. तिथल्या दहा हजारांहून जास्त माणसांच्या माहितीचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या बायका आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून जास्त वेळा अशा नूडल्स खात होत्या, त्यांच्यात पोटाचा घेर, रक्तदाब, रक्तातली साखर आणि चरबी यांचा एकत्रित बिघाड जास्त आढळला. बाकीचे जेवण कसे आहे हे लक्षात घेऊनही फरक राहिला. पुरुषांत तो तसा दिसला नाही. नूडल्सनेच हे झाले असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. पण सावध व्हायला एवढे पुरे आहे.

पाकिटात काय नाही

एका पाकिटातून सुमारे ३०० कॅलरी मिळतात आणि प्रथिने सहा ग्रॅमच्या आसपास. एका अंड्यात किंवा मूठभर शेंगदाण्यात साधारण तेवढीच प्रथिने असतात. वाढत्या पोराचे पोट भरते, पण अंग भरत नाही.

आणि बायांनो, आपले काय? पोराला करताना उरलेले आपणही त्यातच भागवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले आहे. २०१९ ते २०२१ च्या पाहणीची ही गोष्ट. ज्या बाईला लोह, प्रथिने, पालेभाजी हवी, तिने संध्याकाळच्या जेवणाऐवजी नुसता मैदा आणि मीठ खाल्ले, तर तिची चक्कर आणि धाप कशी जाणार? आमची जास्त काळजी इथे आहे. नूडल्स खाल्ल्याने जेवढे बिघडते, तेवढेच नूडल्समुळे जे खायचे राहते त्यानेही बिघडते.

मग करायचे काय

दमून आलेल्या आईला "सगळं ताजं कर" असे सांगणे सोपे आहे. आम्हीही दमतो. म्हणून जमेल तेच सांगतो.

पहिली गोष्ट, मसाल्याची पुडी अर्धीच घाला. मीठ मुख्यतः तिच्यातच असते. चव कमी वाटली तर लिंबू पिळा, आले-लसूण ठेचून घाला, मिरपूड टाका. लिंबाने आणखी एक काम होते. पालेभाजीतले लोह अंगी लागायला ते मदत करते. मात्र त्यावर लगेच चहा पिऊ नका, चहाने लोह अडते.

दुसरी गोष्ट, भाजी नूडल्सइतकीच घाला. कोबी, गाजर, मटार, मेथी, शेवग्याचा पाला, काहीही. शेवग्याचा पाला बारीक चिरून उकळत्या पाण्यात आधी टाका, पोरांना कळतही नाही. एक अंडे फोडून घाला, किंवा मूठभर मोडाची मटकी, किंवा भाजलेले शेंगदाणे. असे केले की एका पाकिटात दोन पोरे जेवतात.

तिसरी, खाली राहिलेले खारे पाणी पिऊ देऊ नका. नागानोच्या बायकांची आठवण ठेवा.

चौथी, वार ठरवा. आठवड्यातून एकदा, त्याहून जास्त नको. "कधीच नाही" म्हटले की पोर शेजारच्या घरी किंवा दुकानात जाऊन कोरड्याच चावते, वरून पुडी चाटते. "शनिवारी करू" म्हटले की वाट बघते.

पाचवी, बाकीच्या दिवशी आपल्या शेवया काढा. उन्हाळ्यात केलेल्या गव्हाच्या शेवया थोड्या तेलावर भाजून ठेवल्या, तर कांदा-टोमॅटो-भाजी घालून उपमा दहा मिनिटांत होतो. त्यावर थोडा सोया सॉस टाकलात तर पोरे त्यालाच नूडल्स म्हणतात. पण दुकानातून शेवया आणणार असाल तर त्या मैद्याच्या आहेत की गव्हाच्या, हे वाचून घ्या. आणि आपले ते सगळे चांगले असेही समजू नका. तळलेली कुरडई, पापड, खारातली मिरची यांतही तेल-मीठ भरपूर आहे.

कोणाला देऊ नयेत? एक वर्षाखालच्या बाळाला अजिबात नाही. रक्तदाब, मूत्रपिंड यांचा आजार असलेल्यांनी पुडी न घालता, घरचा मसाला आणि अगदी थोडे मीठ घालून खावे, तेही डॉक्टरांना विचारून. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने जेवणाच्या जागी नूडल्स खाऊ नयेत. ज्यांना गव्हाचाच त्रास आहे, त्यांना तांदळाच्या शेवया किंवा शिरवाळे चालतात.

गाडीवाल्या ताईंसाठी

आता त्या गप्प बसलेल्या ताई. ताई, तुमची गाडी बंद व्हावी असे आम्हाला वाटत नाही. तुमच्या पदार्थाचा इतिहासही कष्टाचाच आहे. 'हाक्का' हे चीनमधल्या एका समाजाचे नाव. त्यातले लोक पोटासाठी कोलकात्याला आले, चामड्याचे काम करू लागले, खाणावळी काढल्या, आणि आपल्या चवीचे चायनीज तिथून देशभर पसरले. मंच्युरियन तर मुंबईत जन्मले. नेल्सन वँग या कोलकात्याहून आलेल्या स्वयंपाक्याने १९७५ मध्ये आले-लसूण-मिरचीच्या फोडणीत सोया सॉस घालून ते केले, असे सांगतात. मांचुरिया प्रांतात तो पदार्थ शोधून सापडणार नाही.

तुम्ही चार गोष्टी सांभाळा.

रंग घालू नका. २०२४ मध्ये गोव्यात म्हापसा पालिकेने मंच्युरियनचे ठेले बंद करायचे ठरवले, आणि कर्नाटक सरकारने कोबीच्या मंच्युरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी केली. तपासणीत कापड रंगवायचा रोडामाइन नावाचा रंग काही ठिकाणी सापडला होता. लाल रंग हवा तर ब्याडगी मिरची भिजवून वाटा. रंग येतो, तिखट कमी लागते.

तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. काळे पडलेले, फेसाळणारे, घट्ट झालेले तेल टाकून द्या. कालच्या तेलात आजचे नवे तेल मिसळू नका.

सकाळी उकडलेल्या नूडल्स आणि भात रात्रीपर्यंत उघड्यावर ठेवू नका. शिजलेल्या भातात आणि नूडल्समध्ये एक जंतू वाढतो, त्याचे विष पुन्हा परतल्यानेही जात नाही. उलट्या-जुलाब होतात आणि नाव तुमच्या गाडीचे जाते. दोन तासांत खपतील तेवढ्याच उकडा, किंवा थंड पेटीत ठेवा.

आणि सॉस निम्मा, कोबी-गाजर दुप्पट. मीठ चाखून घाला. अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या आणि तो कागद गाडीवर लावा. "रंग नाही, ताजे तेल" अशी पाटी लावलीत तर पोराला घेऊन येणारी आई तुमच्याच गाडीवर थांबेल. आम्हीही थांबू.

पुढच्या बैठकीत

शेवटी एक काम देतो. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातले एक रिकामे पाकीट आणावे. नूडल्सचे, वेफर्सचे, फरसाणाचे, कसलेही. ज्यांना वाचता येते त्यांनी सोडियमचा आकडा शोधावा, आणि ज्यांना येत नाही त्यांनी चमच्याने तेवढे मीठ ताटलीत काढून ठेवावे. सगळ्या ताटल्या शेजारी शेजारी मांडा आणि नुसते बघा. कोणाला भाषण करावे लागणार नाही. पोरांनाही बोलवा.

काय दिसले ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या कार्यक्रमात तुमच्या ताटल्यांबद्दल बोलू. तोवर रामराम, मैत्रिणींनो.